माळ्यावर सापडलेला १२८ एमबीचा एमपीथ्री प्लेअर आणि त्यात अडकलेली आजी

बोरीकाठ | मंगळवार, रात्री ९:१४

कानबाईसाठी (आमच्या खानदेशातल्या देवीचा श्रावणातला सण) माहेरी अमळनेरला आलेय. रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, रविवारी. म्हणजे त्याआधी घर धुवा, भिंती पोतारा, माळा रिकामा करा, हे आलंच. काल पत्र्याच्या पेटीत बाबांच्या जुन्या चष्म्याच्या घरात हा सापडला.

अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, चंदेरी रंग उडालेला. टोपण काढलं की युएसबीचं तोंड. नखाएवढा पडदा, गळ्यात अडकवायची काळी दोरी (ती आता चिकट झालीये, हात लावला की बोटं काळी). २००६ साली बारावी झाल्यावर बाबांनी दीड हजाराला घेऊन दिला होता. कंपनीचं नाव वगैरे काही नाही, खोक्यावर नुसतं 'एमपीथ्री प्लेअर'.

पेन्सिल सेलचं झाकण उघडलं तर सेल आतच राहिलेला. बुडाला पांढरट-हिरवट बुरशीसारखं काहीतरी फुललेलं आणि स्प्रिंग त्यात रुतलेली. सुईने टोकरून टोकरून सेल काढला.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या वर्षी कानबाईच्या जागरणात मी आजीची गाणी यावर रेकॉर्ड केली होती. प्लेअरला बारीक माइक होता. आजी २००९ ला गेली. फोटो आहेत, आवाज दुसरीकडे कुठेच नाही. मधल्या वर्षांत लग्न, बदल्या, आणि हा प्लेअर हरवला असंच सगळे धरून चाललो होतो.

तर प्रश्न: नवा सेल टाकून बघू का? आणि वीस वर्षांनी आत काही उरलं असेल का? तिसरा प्रश्न माझ्या लेकाचा आहे, वय ११. "यात सिम नाही, वायफाय नाही, मग गाणं यायचं कुठून?" मी म्हटलं कॉम्प्युटरवरून भरायचो. तो म्हणे, "म्हणजे पेन ड्राइव्ह?" मी हो म्हटलं खरं, पण पेन ड्राइव्ह गात नाही ना! पुढे मला सांगता आलं नाही.

---

पांझरा_पार | मंगळवार, रात्री ९:३१

ताई, नवा सेल अजिबात टाकू नका आत्ते. बठ्ठं जयी जाई, सगळं जळेल. बाकी सकाळी लिहितो, दुकान आवरतोय.

---

केळीबाग | मंगळवार, रात्री १०:०५

आहाहा, कुठे नेलंत ताई! आमच्याकडे रावेर भागात तेव्हा शेतीची लाईट रात्री यायची. बारा वाजता मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत केळीत बसून राहायचं, कारण मध्येच फेज गेली तर बघायला माणूस पाहिजे. आधी ट्रान्झिस्टर न्यायचो. एक वाजला की सगळी स्टेशनं झोपायची, नुसती खरखर. मग चुलतभावाने सुरतेहून असाच एक डबडा आणला. १२८ एमबीत तीस-बत्तीस गाणी बसायची. पहाटेपर्यंत तीच तीस गाणी दोन-तीन वेळा फिरायची. आजही त्यातलं एक संपलं की पुढचं कोणतं, हे मला पाठ आहे, आणि मोबाइलवर ते भलतंच लागतं तेव्हा चुकल्यासारखं होतं.

त्यावरून आठवलं. तो प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने वाजवायचाच नाही. ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजवायचा. म्हणून सायबर कॅफेवाल्याला सांगायचो, बाबा, एकदम टाकू नको, एकेक टाक. तो वैतागायचा.

गाण्याचं नाव मराठीत असलं की पडद्यावर नुसत्या चौकटी. सेल संपत आला की आवाज न बिघडता एकदम बंद! टेपमध्ये कसं, सेल उतरला की गाणारा आधी दारू प्यायल्यासारखा व्हायचा. तशी सूचना इथे नाही.

---

पांझरा_पार | बुधवार, सकाळी १०:२०

दुकान उघडलं, गिऱ्हाईक नाही, आता सविस्तर. (धुळ्यात रिपेअरिंगचं काम करतो, आधी टेप-टीव्ही, आता मोबाइल.)

पहिलं ते बुरशीचं. फुटलेला सेल कोणता ते बघा. त्यावर अल्कलाइन लिहिलं असेल तर बाहेर आलेला पदार्थ क्षारधर्मी असतो, त्याला कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर किंवा लिंबू. साधा स्वस्तातला सेल असेल, जस्त-कार्बनवाला, तर त्यातलं पाणी आम्लधर्मी असतं. त्याला लिंबू लावलं तर आगीत तेल. त्याला खायचा सोडा, ओलसर करून. यूट्यूबवर सगळे सरसकट व्हिनेगर सांगतात. नंतर स्पिरिटने पुसून दिवसभर वाळू द्या.

दुसरं. गाणी सेलवर नसतात, चिपमध्ये असतात. सेल मेला म्हणून आजी गेली असं नाही. आणि असे बहुतेक प्लेअर कॉम्प्युटरला लावले की युएसबीच्या ५ व्होल्टवर चालतात, सेल लागतच नाही. म्हणून साफसफाई करा आणि सेल न घालता थेट लावा. कॉम्प्युटरने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणा. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा नाही म्हणा.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. पेन ड्राइव्ह हे अर्धं उत्तर बरोबर आहे. पेन ड्राइव्हमध्ये साठवणीची चिप आणि तिचा कारभारी असतो. यात त्याशिवाय तिघे जण जास्त आहेत. एक, फाईल उलगडून तिचे आकडे करणारा. दोन, आकड्यांची वीज करणारा, ज्याला डॅक म्हणतात. तीन, ती वीज हेडफोन हलवण्याइतकी मोठी करणारा. शिवाय १.५ व्होल्टच्या एका सेलमधून ३ व्होल्टच्या आसपास दाब उचलून देणारी छोटी जोडणी असते. तुमच्या सेलजवळ एक गोल गुंडाळी दिसेल, ती त्याचीच.

त्या काळच्या चिनी प्लेअरांत बहुतेक वेळा ॲक्शन्स कंपनीची एटीजे२०८५ चिप निघायची. तिच्यात झेड८० जातीचा प्रोसेसर आहे. हा झेड८० मूळचा १९७६ सालचा! बटणं, मेनू, पडदा, फाईल शोधणं एवढं तो बघतो. एमपीथ्री उलगडणं त्याच्या बापालाही जमणार नाही, त्यासाठी त्याच चिपमध्ये शेजारी गणिताचा पहिलवान बसवलेला असतो, डीएसपी.

केळीबाग दादा, क्रमाचं कारणही तेच. झेड८०जवळ मेमरी जेमतेम. सगळी नावं वाचून, लावून ठेवायला जागा नाही. म्हणून फाईलींच्या वहीत जशी नोंद पडली तशी तो वाचत जातो.

---

शेवभाजी_तर्रीवाली | बुधवार, दुपारी १:४२

माझा बाळबोध प्रश्न. सीडीवरचं पाच मिनिटांचं गाणं ५० एमबीचं आणि एमपीथ्री केलं की ५ एमबीचं. झिप केल्यावर तर एवढं कमी होत नाही. मग बाकीचं ४५ एमबी गाणं जातं कुठे?

---

कंपास_पेटी | बुधवार, संध्याकाळी ६:५५

शाळा सुटल्यावर लिहितोय. बाळबोध नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे.

सीडीवर एका सेकंदात आवाजाची ४४,१०० मापं घेतलेली असतात, प्रत्येक माप १६ बिटांचं (बिट म्हणजे एक ० किंवा १, आठ बिटांचा एक बाइट), डावा-उजवा मिळून दोन. गुणाकार करा: सेकंदाला १४,११,२०० बिट. त्या काळी सगळीकडे चालणारं एमपीथ्री सेकंदाला १,२८,००० बिटांचं. अकरा पट फरक. झिपमध्ये काही हरवत नाही, उलगडलं की जसंच्या तसं परत. एमपीथ्रीत त्या ४५ एमबीतलं बरंचसं कायमचं टाकून दिलेलं असतं.

काय टाकायचं, यातच खरी हुशारी आहे. भुसावळच्या फलाटावर आपण दोघं बोलतोय आणि मधून कोळशाची मालगाडी निघाली. तुमचे ओठ हलताना दिसतात, शब्द येत नाहीत. शब्द हवेत होते, कानाला मिळाले नाहीत. मोठा आवाज त्याच्या आसपासच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना असा झाकून टाकतो, आणि गाडी गेल्यावरही क्षणभर झाकलेलं ठेवतो. एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम दर क्षणी हिशेब मांडतो की आत्ता काय झाकलं जातंय, आणि झाकलेल्यावर जागा खर्च करत नाही.

त्यासाठी तो गाण्याचे तुकडे पाडतो. एका तुकड्यात १,१५२ मापं, म्हणजे २६ मिलिसेकंद. पट्टीप्रमाणे ते वेगळे केले जातात, जिथे कान तिखट तिथे बारीक आकडे, जिथे कान मठ्ठ तिथे ढोबळ. शेवटी जे आकडे वारंवार येतात त्यांना आखूड खूण, क्वचित येणाऱ्यांना लांब, असं करून आणखी आवळायचं. १२८च्या दराला एक तुकडा ४१७-४१८ बाइटांत बसतो. पोस्टकार्डावर मावेल इतका मजकूर! तुमचा प्लेअर सेकंदाला अशी अडतीस पोस्टकार्डं वाचतो.

हे जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलं. मानक १९९२-९३ मध्ये पक्कं झालं. डॉट एमपीथ्री हे शेपूट मात्र जुलै १९९५ मध्ये ठरलं. ब्रांडेनबुर्ग तपासणीसाठी सुझॅन व्हेगा या गायिकेचं साथीशिवाय गायलेलं एक गाणं पुन्हा पुन्हा वापरायचे. कारण मागे वाद्य नसलं की झाकायला काहीच नसतं, चूक लगेच उघडी पडते. एकट्या बाईचा आवाज फसवायला फार कठीण.

---

शेवभाजी_तर्रीवाली | बुधवार, संध्याकाळी ७:१०

सर, दंडवत. पोस्टकार्ड लक्षात राहील.

---

जुनं_पानं | बुधवार, रात्री ८:४८

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर. लोक सरळ आयपॉडपासून सुरुवात करतात, मला त्याचा राग येतो.

खिशातला पहिला बाजारात आलेला एमपीथ्री प्लेअर कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन एफ१०, साल १९९८. आत ३२ एमबी. त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ पीएमपी३०० आला, तोही ३२ एमबीचा, एका सेलवर चालणारा, किंमत २०० डॉलर. युएसबी नाही बरं का. प्रिंटर लावायचं ते रुंद तोंड असायचं ना कॉम्प्युटरमागे, त्याला जोडून गाणी भरायची. वर कंपास सरांच्या हिशेबाने बघा: ३२ एमबीत सीडीचं गाणं तीन मिनिटांत संपलं असतं. एमपीथ्रीमुळे अर्धा तास. हे यंत्र त्या आकडेमोडीशिवाय जन्मालाच आलं नसतं.

रिओ आला आणि अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबर १९९८ मध्ये कोर्टात खेचला. त्यांचं म्हणणं, हे डिजिटल कॉपी करणारं यंत्र आहे, १९९२ च्या कायद्यात येतं. जून १९९९ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला, येत नाही. रिओ थेट संगीतावरून मुद्रण करत नाही, कॉम्प्युटरच्या डिस्कवरची फाईल नुसती खिशात नेतो, आणि स्वतःच्या गाण्याची जागा बदलणं हा घरगुती वापर आहे. हा खटला उलटा गेला असता तर केळीबागेत ट्रान्झिस्टरच वाजत राहिला असता.

मग आयपॉड, ऑक्टोबर २००१. त्यात गाणी साठवायला चिप नाही, तोशिबाची १.८ इंची फिरती हार्ड डिस्क होती, ५ जीबीची, ३९९ डॉलर. आता फिरती डिस्क खिशात हलली की अडखळणार आणि सेलही खाणार. म्हणून त्यांनी वेगळी ३२ एमबीची मेमरी ठेवली. डिस्क जागी व्हायची, पुढची काही गाणी त्यात ओतायची आणि पुन्हा झोपायची. रिओचं जे अख्खं कोठार, ते आयपॉडमध्ये चहाची किटली. हे वाचलं तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं होतं. तिला विशेष काही वाटलं नाही.

आपल्याकडे यातलं काहीच वेळेवर आलं नाही. आपला पहिला डिजिटल डबा म्हणजे दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी, आणि पाठोपाठ हे नाव नसलेले चिनी प्लेअर. पण खेड्यापर्यंत पोचले ते हेच, आयपॉड नाही.

---

तापीकाठचा | बुधवार, रात्री ९:२६

बिनानावाच्यांचं कौतुक चाललंय म्हणून माझंही दुःख. २००७. सुरतेहून भुसावळ पॅसेंजरने येत होतो. नंदुरबारच्या अलीकडे एक जण डब्यात आला, गळ्यात दहा-बारा प्लेअरांची माळ. १ जीबी, फक्त सातशे. कॉम्प्युटरला लावला तर खरंच १ जीबी दाखवतोय! खूश. दोनशे गाणी भरली. पहिली तीसेक छान वाजली, पुढची सगळी एक तर शांत, नाहीतर नुसतं कीर्रर्र. पुन्हा भरली, पुन्हा तेच. मला वाटलं माझ्याच गाण्यांना व्हायरस आहे. महिनाभर मित्राच्या कॉम्प्युटरला शिव्या दिल्या.

---

पांझरा_पार | बुधवार, रात्री ९:५०

@तापीकाठचा, तुमच्यासारखे त्या काळी आठवड्याला चार यायचे माझ्याकडे. आत चिप १२८चीच. कारभाऱ्याला खोटं बोलायला शिकवलेलं, की विचारलं तर १ जीबी सांग. कॉम्प्युटर भाबडा, तो मोजत नाही, विश्वास ठेवतो. नावांची वही सुरुवातीलाच असते म्हणून दोनशे नावं बरोबर दिसणार. खरी जागा संपल्यावरचं गाणं मात्र हवेत. लोकांना मी सांगायचो, पैसे गेले, पण १२८चा प्लेअर म्हणून वापरा. कुणी वापरला नाही. फसवलं गेल्यावर माणसाला ती वस्तू डोळ्यासमोर नको असते.

---

बोरीकाठ | गुरुवार, दुपारी ३:३०

अपडेट! सेल साधाच निघाला, अल्कलाइन नाही. म्हणजे मी लिंबू घेऊन बसलेच होते, पांझरा दादांमुळे वाचले. सोड्याने फसफसलं, मग स्पिरिट. स्प्रिंगचा एक वेढा तुटून हातात आला. भावाच्या कॉम्प्युटरला सेलशिवाय लावला. पडद्यामागचा निळा दिवा लागला!! आईने बाहेरून विचारलं, काय झालं ओरडायला.

फाईली दिसतायत. अठ्ठावीस गाणी आणि रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये तीन फाईली. सगळ्यात मोठी २.८ एमबीची. पण शेपटाला एमपीथ्री नाही, डब्ल्यूएव्ही नाही, ए-सी-टी असं आहे. कुठल्याच प्लेअरमध्ये वाजत नाही. भावाने नाव बदलून एमपीथ्री करून बघितलं (कॉपीवर, मूळ फाईलला हात लावू दिला नाही), तरी नाही. आणि प्लेअरमध्येच वाजवावं तर स्प्रिंग तुटलेली, आणि कॉम्प्युटरला लावला असताना तो वाजवायला तयार नाही.

एवढ्या जवळ येऊन असं.

---

पांझरा_पार | गुरुवार, दुपारी ४:०२

हातचं काम टाकून लिहितोय. एसीटी म्हणजे घाबरायचं कारण नाही, या चिनी प्लेअरांचं ते आवाज-मुद्रणाचं स्वतःचं रूप. मेनूत दोन पर्याय असायचे आठवतंय का, 'फाइन रेकॉर्ड' आणि 'लाँग रेकॉर्ड'? फाइनची डब्ल्यूएव्ही बनायची, लाँगची एसीटी. तुम्ही लाँग निवडलं होतं.

आधी तिन्ही फाईली दोन ठिकाणी कॉपी करा. प्लेअरवर काहीही नवीन लिहू नका, खोडू नका. मग भावाला सांगा, एफएफएमपेग नावाचं फुकट साधन आहे, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालतं. त्याला एसीटी वाचता येतं. आत येणारी फाईल ती, बाहेर जाणारी डब्ल्यूएव्ही, एवढंच सांगायचं. नाव न बदललेली मूळ फाईल द्या.

---

बोरीकाठ | गुरुवार, दुपारी ४:०९

हो, लाँगच! जागा पुरावी म्हणून. गाणी खोडायची नव्हती ना माझी. आता वाटतं, चार गाणी खोडली असती तर काय बिघडलं असतं.

---

जुनं_पानं | गुरुवार, संध्याकाळी ५:१५

फाईल वाचल्या गेल्या हे मला जास्त नवल. या चिपमध्ये बिट म्हणजे एका बंद कप्प्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन. अशा 'फ्लॅश' चिपची कल्पना तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची, १९८० च्या दशकातली. कप्पा चारी बाजूंनी अवाहक थराने लिंपलेला, आपली कणगी शेणामातीने लिंपतो तसा. वीज गेली तरी धान्य आतच. पण लिंपण कितीही चांगलं असो, वर्षानुवर्षांत दाणा दाणा झिरपतोच. उत्पादक साधारण दहा वर्षांचा भरवसा देतात.

तुमचं नशीब असं की जुन्या छोट्या चिपमध्ये कप्पे मोठे आणि प्रश्न सोपा: कणगी भरलेली की रिकामी? थोडं झिरपलं तरी उत्तर बदलत नाही. आताच्या स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये एकाच कप्प्यात तीन बिट कोंबतात, म्हणजे आठ वेगवेगळ्या पातळ्या मोजायच्या. तिथे चार दाणे गळले की हिशेब चुकला. लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर ठेवून कपाटात टाकणाऱ्यांनी लक्षात घ्या.

---

कंपास_पेटी | गुरुवार, संध्याकाळी ७:२०

ताई, ऐकण्याआधी एक सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. २.८ एमबी म्हणजे साधारण पाऊण तास मुद्रण आहे. मिनिटाला ६० केबी. सेकंदाला ८,००० बिट, एमपीथ्रीच्या सोळावा हिस्सा. एवढं कसं आवळलं?

एसीटीच्या पोटात जी.७२९ ही पद्धत असते, १९९६ च्या सुमाराची, टेलिफोनसाठी बनवलेली. एमपीथ्रीला आवाज कशाचा आहे याच्याशी देणंघेणं नाही, सनई असो की मिक्सर. तो फक्त ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार करतो. जी.७२९ बोलणाऱ्याच्या गळ्याचा विचार करते. ती धरूनच चालते की समोर एक माणूस आहे, एक गळा, आणि तो बोलतोय. मग आवाज साठवण्याऐवजी ती दर १० मिलिसेकंदाला गळ्या-तोंडाचा आकार आणि स्वर कसा निघाला याचं वर्णन लिहून ठेवते. ऐकताना त्या वर्णनावरून नवा गळा उभा करते.

एकट्या बोलणाऱ्यासाठी हे फार छान चालतं. पण जागरणात पंधरा बायका एकत्र गातात, टाळ्या, डफ, मागे कुकर. पंधरा गळे एका गळ्यात बसवायला गेलं की चिखल होतो. शिवाय फोनसारखंच ३,४०० हर्ट्झच्या वरचं काही नसेल, झांजेचा तर पत्ताच नाही.

---

शेवभाजी_तर्रीवाली | गुरुवार, संध्याकाळी ७:४४

सर, जरा धीर द्यायचा की!

---

केळीबाग | शनिवार, रात्री ११:१८

ताईंचं काही आलं नाही अजून. उद्या रोट, कामात असतील. आज इकडे लाईट रात्रीचीच आहे. बांधावर बसून हा धागा तिसऱ्यांदा वाचतोय.

---

बोरीकाठ | मंगळवार, दुपारी १२:३५

काल बोरीवर कानबाईचं विसर्जन करून आलो, आज हात मोकळा झाला.

एफएफएमपेग शुक्रवारी रात्री चाललं. भावाने तीन वेळा आज्ञा चुकवली, चौथ्यांदा डब्ल्यूएव्ही बनली. ४६ मिनिटं.

कंपास सर, तुम्ही म्हणालात अगदी तसंच. गाणी म्हणजे विहिरीत डबा सोडल्यासारखी. सगळ्याजणी एकदम उचलतात तिथे शब्द कळतच नाहीत, डफ वाजला की आवाज आतल्या आत गिळल्यासारखा होतो. आई आणि दोन्ही आत्या कान लावून बसल्या होत्या. दोघींत वाद, हे कडवं कोणतं. एक म्हणे हे पाळण्याचं, दुसरी म्हणे छे, हे तर परनूनचं. शेवटी दोघींनी आपापलं गाऊन दाखवलं आणि भावाने तेही रेकॉर्ड केलं, मोबाइलवर, चांगल्या दर्जाचं. शेजारच्या काकू आल्या, त्यांना तिसरंच येत होतं.

पण गाण्यांच्या मधली जागा आहे ना, तिथे आजी एकटी बोलते. आणि ती इतकी स्वच्छ आहे! "चहा कोन्ले देवाना राहिना?" "त्या दारन्या चपला सरकाडा." एकदा कुणाच्या तरी लेकराला रागावते. एकदा खोकते, आणि खोकल्यानंतर "माय वं" म्हणते, ते आम्ही विसरलोच होतो की ती असं म्हणायची.

लेकाने पणजीला कधी ऐकलेलंच नव्हतं. त्याने विचारलं ही अशी का बोलते. मग त्याला अहिराणी समजावून सांगायला बसले, अर्धी मलाच येईना, आईला बोलवावं लागलं.

एकतिसाव्या मिनिटाला मी बहुतेक प्लेअर तिच्या अगदी तोंडाजवळ नेलाय. गाणं थांबतं. आणि ती मला म्हणते, "हाई काय शे वं तुन्हा हातमा? बंद करी दे, सेल सरी जाई."

---

पांझरा_पार | मंगळवार, दुपारी १२:५२

स्प्रिंग बसवून देतो ताई. धुळ्याला याल तेव्हा घेऊन या, पैसे नकोत. आणि सेल काढून ठेवत जा.